नंतर आलेल्याने सोडायचं

या प्रकरणात थोरल्याला काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कोणी त्याला साधुपुरुष ठरवणार नाही. कचेरीत खिडकीजवळची खोली मिळणार होती. बैठकीत त्याचं बोलणं मध्येच तोडणाऱ्यांची तोंडं बंद होणार होती. आणि धाकट्या भावाच्या जिवाचा घोर मिटणार होता. विचारलं असतं, तर त्याने हे तिसरं सगळ्यांत आधी सांगितलं असतं. स्वप्नं मात्र त्याला खोलीची पडायची.

थोरला क्रेनच्या केबिनमधल्या पडद्यांसाठी ड्रायव्हर लिहायचा. क्रेनखालच्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर नीट उमटावं म्हणून यंत्राच्या पोटात चालणारा प्रोग्राम, तो ड्रायव्हर. धाकटा गोदीत त्याच क्रेन चालवायचा. दोघं एका घरात राहायचे, आणि दोघांमध्ये शांतता राखायचं बिनपगारी काम थोरल्याची बायको करायची.

"दादा, तुझा पडदा आज पुन्हा गोठला," धाकटा एकदा जेवताना म्हणाला.

"किती वेळ?"

"मला काय ठाऊक? चित्रात जमीन रिकामी. मी कंटेनर खाली सोडतोय. सहज खिडकीतून वाकून पाहिलं, तर बरोब्बर खाली एक जण बुटाची नाडी बांधत बसलेला."

वहिनीच्या हातातला डाव तिथेच थांबला. "मग?"

"मग काय, वहिनी. त्याची नाडी बांधून झाली. माझी अजून सापडत नाहीये. तू वाढ, भूक लागलीय."

थोरल्याने ताट बाजूला सारलं.

दुखणं त्याला ठाऊक होतं. यंत्राची मेमरी थोडी, ती मागणारी आतली कामं फार. एक काम मेमरीचा एक तुकडा कुलूप घालून धरून बसतं आणि वर दुसरा मागतं. तो दुसरा ज्याच्याकडे असतो, ते नेमका पहिला मागत असतं. मेमरी वाटणारा म्हणतो, थांबा, कोणीतरी सोडलं की देतो. सोडत कोणीच नाही. कोणी मेलेलं नसतं, कोणाचं चुकलेलं नसतं. सगळे आपापलं धरून अदबीने वाट पाहत राहतात, जगबुडी होईपर्यंत. पडद्यावर शेवटचं चित्र तसंच.

थोरल्याने नियम घातला. आलेल्या प्रत्येक कामाला आल्या क्रमाचं टोकन द्यायचं. दोघं एकमेकांत अडकले, की जो नंतर आला त्याने हातातलं सगळं सोडायचं, मागे जायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

"म्हणजे घरातल्या शेंडेफळासारखं," कचेरीतल्या प्रमुख बाई म्हणाल्या. "भांडण कोणाचंही असो, खेळणं त्यानेच द्यायचं."

"आमच्या घरी उलटं आहे, मॅडम."

"असं तुम्ही म्हणता. धाकट्याला विचारायला हवं."

धाकट्याला विचारलं ते वेगळंच. "पहिल्यांदा माझ्याच केबिनमध्ये लाव," तो म्हणाला. "मेलोच तर शिव्या कोणाला द्यायच्या, ते तरी नक्की असेल."

पडदा पुन्हा गोठला नाही. खिडकीजवळच्या खोलीला रंग लागला.

पहिला प्रकार एका सकाळी घडला. थोरला बाथरूममध्ये होता आणि साबण बाहेर, धाकट्याच्या हातात.

"साबण दे."

"आधी बाहेर ये."

"साबण लावल्याशिवाय कसा येऊ?"

हे रोजचंच. यानंतर धाकटा दार बडवायचा आणि थोरला मुद्दाम गाणं म्हणायचा. त्या दिवशी बाहेर काहीच वाजलं नाही. थोरल्याने दार किलकिलं केलं. धाकट्याने साबण जमिनीवर ठेवला. शेजारी टॉवेल ठेवला. शेजारी हातातलं घड्याळ, मग चष्मा. सगळं सरळ ओळीत. मग तो सावकाश आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

दार लगेच उघडलं. डोळे चोळत धाकटा बाहेर आला. "दादा, साबण कुठाय?"

"नाटकं पुरे झाली."

"कसली नाटकं? आत्ता उठतोय मी."

त्याच्या गालावर उशीचा ताजा वळ होता.

पुढे गोदीतला मुकादम भेटला. "तुमचा भाऊ म्हणजे नमुनाच आहे हो. शेजारच्या क्रेनशी जागेवरून अडलं, की भार अलगद टेकवतो, हातमोजे काढून ठेवतो, शिडी उतरून फाटकापर्यंत जातो आणि पुन्हा हजेरीला उभा! पण भार एकदाही पाडला नाही हां. शिकेल पोरगा."

"शिकेल? तुमच्याकडचा जुना माणूस आहे तो."

मुकादम हसला नाही. "तेच ना," तो हळूच म्हणाला. "दिसत नाही तसा."

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने हातातला शर्ट खाली ठेवला.

"अहो, भावोजींची दाढी वाढेनाशी झालीय. आणि हनुवटीवरची टाक्यांची खूण... आपल्या लग्नानंतर जिन्यावरून पडले होते ना? टाके घालताना मीच हात धरून बसले होते. ती खूण नाहीये."

"नीट दिसली नसेल तुला."

"आणि मला 'अहो वहिनी, तुम्ही' म्हणतात. मी नवी नवरी होते तेव्हा म्हणायचे तसं."

जेवताना धाकटा खुशीत होता. "दादा, उद्यापासून गोदीत नोकरी! शिडी चढताना पाय लटपटले तर हसतील का रे लोक?"

बायकोने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने ताटाकडे.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याने आपलाच प्रोग्राम ओळीओळीने वाचायला घेतला. मागे गेलेलं काम परत आलं, की त्याला त्याचं जुनंच टोकन द्यायला हवं होतं. तेवढं जपलं, की आज हटलेला उद्या जुना ठरतो, त्याचीही पाळी येते. थोरला दर खेपेला नवं टोकन देत होता. जो एकदा हटला तो कायमचा शेवटी आलेला. तो पुन्हा हटणार. प्रत्येक वेळी आणखी नवा होऊन येणार.

चूक एका ओळीची होती. ती त्याने तिथल्या तिथे नीट केली.

"चाललेल्या गाड्याला खीळ कशाला घालताय?" प्रमुख बाई फोनवर म्हणाल्या. "उद्या बघू."

नीट केलेला प्रोग्राम केबिनमध्ये स्वतःच चढवायचा म्हणून थोरला लॅपटॉप पाठीला लावून गोदीकडे धावला.

भर दुपारचं ऊन होतं. क्रेनची शिडी उभी, अरुंद, एका वेळी एकाच माणसाची. थोरला निम्मी शिडी चढला आणि त्याने वर पाहिलं. धाकटा खाली येत होता. गणवेशाच्या बाह्या त्याच्या बोटांवरून लोंबत होत्या.

"दादा, मला उतरू दे ना."

"आधी मला वर जाऊ दे, एकच मिनिट..."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय केलं.

धाकट्याचा चेहरा कोरा झाला. त्याने दांडीवरचं एक बोट उचललं. मग दुसरं.

"नको!" थोरला ओरडला. "तू नाही. मी जातो मागे. मी सोडतो."

बोटं थांबली.

थोरला भराभर उतरला. पायथ्याशी त्याने लॅपटॉप ठेवला. शेजारी घड्याळ. शेजारी फोन, मग लग्नातली अंगठी. सरळ ओळीत. हे आपण का करतोय, असं त्याच्या मनात आलं, पण हात थांबेनात. तो फाटकापर्यंत गेला. मागे गेलेल्याला परत यावंच लागतं, हाही नियम त्याचाच. तो परत आला.

धाकटा थोडासा उतरला होता, बाह्या बोटांवरून जराशा मागे सरल्या होत्या. थोरला दिसताच त्याचं बोट पुन्हा उचललं गेलं.

थोरला मागे गेला.

परत आला.

मागे गेला.

शेवटी धाकट्याचे पाय जमिनीला लागले. बाह्या मनगटाशी नीट बसल्या होत्या. हनुवटीवर टाक्यांची खूण होती. त्याने थोरल्याकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि नुसतंच म्हणाला, "तू घरी जा. मी हजेरी संपवून आलोच."

तर मिळकत अशी: गोदीला न गोठणारा पडदा मिळाला. प्रमुख बाईंना शाबासकी मिळाली. धाकट्याला जमीन मिळाली. किंमत थोरल्याने मोजली असं कोणी म्हणेल, पण त्याला कुठेच काही दुखत नव्हतं. उलट चालताना फार हलकं वाटत होतं.

घराचं दार एका बाईने उघडलं. चेहरा चांगला होता, डोळे रडून सुजलेले.

"अहो, फोन का उचलत नाही? जीव टांगणीला लागला होता माझा!"

थोरला अदबीने बाजूला सरला आणि ती कोणाशी बोलतेय ते बघायला मागे वळला. पायरीवर दुसरं कोणीच नव्हतं.