छतातले रूळ

मुकुंदवाडी स्टेशनामागच्या जुन्या घरांत शिरून वर मान केली, की बऱ्याच ठिकाणी छताला रेल्वेचे रूळ दिसतात. निजामाच्या काळात टाकलेली मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली लाईन नव्वदच्या दशकात उखडली, तिच्या जागी मोठी लाईन आली आणि जुने रूळ भंगारात निघाले. लोकांनी ते तुळया म्हणून वापरले. स्वस्त आणि दणकट. मी इमारतींची मजबुती तपासते, त्यामुळे असल्या छतांखाली माझ्या कितीतरी दुपारी गेल्या आहेत आणि कपड्यांना चुना लागला आहे.

जब्बारचाचांकडे मी गेले ती घरावर मजला चढवता येईल का, हे पाहायला. चाचा रेल्वेतले निवृत्त गँगमन, रूळ टाकणारे-सांभाळणारे, त्यांचे वडीलही त्याच लाईनवर राबलेले. मुलगा अबुजर वाळूजला कामाला, घरात सून कहकशा आणि दीड वर्षाचा नातू झीशान. हातपाय चालताहेत तोवर मुलाला वरची खोली बांधून द्यायची, एवढंच चाचांच्या मनात होतं. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. कहकशानं लिंबाचं सरबत दिलं आणि मी शिडी मागितली.

मधली खोली लांबट, पूर्व-पश्चिम. दोन रूळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेले. रुळाची रुंद बैठक वर, तिच्यावर शहाबादी फरशा. ज्या माथ्यावरून चाकं धावतात तो खाली, आपल्या डोक्याकडे. ही पद्धत नेहमीचीच. पण तो माथा चकाकत होता.

न वापरलेला रूळ गंजतो, हे कुणालाही ठाऊक असतं. वरून रोज गाडी गेली तरच माथा उजळ राहतो. इथं रुळाच्या बाजू तांबूस झालेल्या आणि माथ्यावर मात्र लखलखीत पट्टा, पार भिंतीत शिरेपर्यंत. मी बोट फिरवलं. लोखंड कोमट होतं. बोटाला धूळसुद्धा लागली नाही.

"चाचा, घासता की काय याला?"

"नाय."

"मग?"

चाचा शिडी धरून उभे होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी टेप लावला. दोन रुळांमधलं अंतर बरोब्बर एक मीटर, केसभर इकडं-तिकडं नाही. घर बांधताना कुणी एवढं काटेकोर मोजत नाही.

"हातानंच बसले तसे, बाई," चाचा म्हणाले. "जिंदगीभर तेच केलं. दोन पटऱ्या दिसल्या की गेजातच टाकायच्या. हाताला दुसरं माप ठावंच नव्हतं."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. खोलीच्या दोन्ही दारांना लाल फडकं बांधलेलं होतं. नजर लागू नये म्हणून असेल, असं समजून मी कामाला लागले.

जमिनीवर पाणसळ ठेवली. आत हवेचा बुडबुडा असलेली ही साधी पट्टी. जमीन सपाट असेल तर बुडबुडा मधोमध थांबतो. थांबला. मग सावकाश पूर्वेकडं सरकला, थोडा वेळ तिथंच राहिला आणि परत मध्ये आला.

पाणसळ बिघडली असणार. मी ती अंगणात नेली. तिथं बुडबुडा ढिम्म हलला नाही. परत आत आणली. पुन्हा पूर्वेकडं. त्याच वेळी माझं लक्ष खिडकीच्या पडद्याकडं गेलं. वारा अजिबात नव्हता, कूलर बंद होता आणि पडदा पश्चिमेकडं तिरपा लोंबत होता. स्टेशनातून निघालेल्या गाडीत लोंबतो तसा.

"ताई, इकडं बघा," कहकशा हळूच म्हणाली.

झीशान भिंतीला टेकून बसला होता. समोरच्या कोऱ्या भिंतीवर त्याची नजर होती. डोळे एका बाजूला सरकत होते, झटकन मागं येत होते, पुन्हा सरकत होते. गाडीच्या खिडकीशी बसलेल्या माणसाचे डोळे असे हलतात. खांब जातो, झाड जातं, परत खांब.

मी वर पाहिलं. रुळांचे माथे खाली. चाकं तिथं धरली, तर डबा कुठं येईल, हे मला हिशेब न करताच कळलं. आम्ही सगळे त्यातच होतो.

मला भीती वाटली. 

"दवाखान्यात दाखवलं," कहकशा म्हणाली. "डॉक्टर म्हणले डोळे चांगले हायेत. तिथं होतच नाय ना! आधी निसतं दुपारी व्हायचं, आता उठल्यापासून. मी म्हटलं, पैठणला माहेरी घेऊन जाते. तर आता अब्बा लेकराला खोलीच्या बाहेरच नेऊ देत नायत. ताई, तुम्ही सांगा ना, घर पडायला झालंय म्हणून. तुमचं ऐकतील."

घर पक्कं होतं. आणखी दोन मजले पेललं असतं. पण मी शिडी मिटली आणि चाचांना म्हणाले, "छत धोक्याचं आहे. सगळे आत्ताच्या आत्ता बाहेर चला."

"छतात खोट नाय, बाई. तुमाला बी ठाव हाय." चाचा म्हणाले. "उतरवायचं मला बी हाय त्याला. पण चालत्या गाडीतून लेकरू उतरवतात व्हय? मी लाल लावलंय. थांबली की सोता उचलून नेतो."

"कधीपासून लावलंय?"

"रमजानपासून."

"थांबली का?"

चाचांनी दारावरच्या लाल फडक्याकडं बघितलं.

"कहकशा, उचल त्याला," मी म्हणाले.

तिनं झीशानला छातीशी धरलं आणि दाराकडं निघाली. "नको! बेटी, नको!" चाचा ओरडले. उंबऱ्यावर तिचा तोल असा गेला, की मी दंड धरला नसता तर ती तोंडावर पडली असती.

मग आम्ही अंगणात होतो.

ऊन होतं. शेजारच्या घरात मिक्सर चालला होता. कहकशा रडत होती, हसत होती. तिनं झीशानला बाजेवर बसवलं, स्वतः समोर उकिडवी बसली आणि त्याचा चेहरा ओंजळीत घेतला.

"बेटा, अम्मीकडं बघ."

त्यानं बघितलं. डोळे स्थिर होते. मला हायसं वाटलं. मी मागं वळून चाचांना हाक मारली. ते दारातच बसले होते, तोंडावर हात धरून.

झीशाननं हात वर केला आणि आईला टाटा केलं.

"कुठं चालला रे माझा राजा?" ती म्हणाली.

तो हसला. मग त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू बाजूला सरकली, फलाटावर मागं राहिलेल्या माणसाला बघत राहावं तशी.

ती जागची हलली नव्हती.

नजरेमागून मान वळू लागली, खांद्यापर्यंत, खांद्याच्याही मागं. हात हलतच होता.

"झीशान. झीशान, इकडं. मी इकडं हाय."

मान आणखी वळेना, तेव्हा त्यानं हात खाली घेतला. कहकशा अजून त्याच्या समोरच बसलेली होती.