अठरा अँपिअर

रामाकोन्याकडचा ट्रान्सफॉर्मर जळून चार दिवस झाले होते. सौंसरला माझं जनरेटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे एप्रिलच्या त्या आठवड्यात मला जेवायची फुरसत नव्हती. केशवरावांचा फोन सकाळी दहाला आला. संत्र्याच्या बगीच्यात घर, पाच केव्हीएचा डिझेल जनरेटर, आणि दम्याने खाटेला खिळलेल्या बायकोला ऑक्सिजनचं मशीन. जनरेटरवर ते मशीन सारखं शिट्टी मारत होतं.

मी पोचलो तेव्हा केशवराव ओसरीत उभे होते. मी नाव सांगितलं, नितीन. त्यांनी आडनाव विचारलं. ते ऐकून ओसरीतली खुर्ची उचलून आत ठेवली.

"होल्टेज पडून राहिलं," ते म्हणाले. "जनरेटर नवीन हाय. ज्यानं बसवला तो भिवाजी आता फोनच उचलत नाही."

मी बोर्ड उघडला. दोनशे तीसच्या जागी एकशे ऐंशी व्होल्ट. मुख्य तारेला चिमटा मीटर लावला, तेवीस अँपिअर. घरात काय काय चालू आहे ते विचारलं. फ्रिज, कूलर, दोन पंखे, मशीन. सगळं मिळून पाचच्या वर जाणार नाही.

"जनरेटरच जास्त फेकत असंन," केशवराव म्हणाले.

"तसं नसते, काका. जनरेटर नुसता दाब देते, तो व्होल्टेज. करंट किती जाईल ते मागणारा ठरवते. झेपते त्याच्यापेक्षा जास्त मागितलं का दाब पडते. घरात कोणीतरी अठरा अँपिअर जास्तीचे घेऊन राहिलं."

त्यांचा चेहरा बदलला. मी त्यांच्या घरावर आळ घेतला, असा.

काकूंचं मशीन सोडून मी नाव लिहिलेलं एकेक बटन खाली पाडून बंद केलं. अठरा जागचे हलले नाहीत. बोर्डात एका बटनावर कशाचंच नाव नव्हतं. त्याच्या तारेला मीटर लावला, तर सगळा लोड तिथेच. तार मागच्या खोलीकडे जात होती.

"ते खोली राहू दे," केशवराव म्हणाले.

"पाहिल्याशिवाय सापडन कसं?"

त्यांनी कडी काढली, पण आत आले नाहीत.

खोली रिकामी होती. खिडकी नाही, होल्डर नाही, सॉकेट नाही. फरशी नुकतीच झाडलेली. कोपऱ्यात छताजवळून तार बाहेर आली होती आणि वीतभर लोंबून संपत होती. आतल्या दोन्ही तारांच्या टोकांना काळी टेप. मी टोकापाशी मीटर लावला. अठरा.

मी आयटीआय केलेला माणूस आहे. तुटलेल्या तारेतून करंट जात नाही. जात असेल तर सव्वातीन हजार वॅट कुठेतरी तापायला पाहिजेत. ती खोली भट्टी व्हायला पाहिजे होती. बाहेर बेचाळीस डिग्री होती, आणि आत माझ्या हातावर काटा उभा राहिला. तार तर हातपंपाच्या पाण्यासारखी गार. मी आत आलो हे कोणाला तरी अजिबात आवडलेलं नाही, असं वाटत होतं. जेवत्या माणसाच्या ताटापुढे जाऊन उभं राहावं, तसं.

मी बोर्डाकडे परतलो आणि ते बटन खाली पाडलं.

"आता पाहा," मी म्हणालो. व्होल्टेज दोनशे तीसवर आलं. शिट्टी थांबली. केशवरावांना बरं वाटलेलं दिसलं नाही.

"भिवाजीनंबी हेच केलं होतं," ते हळूच म्हणाले.

खोकला ऐकू आला. मी काकूंच्या खोलीत गेलो. कलाबाई उठून बसल्या होत्या, नाकात नळी, ओठ निळे. मशीन सुरू होतं, पण त्यातली हवा दाखवणारी गोळी तळाशी जाऊन बसली होती.

मी बोर्डावर मशीनच्या तारेला मीटर लावला. पावणेदोन असायला पाहिजे.

चार.

सात.

मशीनचा फ्यूज पाचचा होता. तो उडाला नाही.

अकरा.

"तेचं तेले देऊन द्या," कलाबाई आतून म्हणाल्या. एकेक शब्द ओढत. "नाहीतर तो माह्यातून घेते."

मी मागच्या खोलीचं बटन वर केलं.

मशीनचा आकडा पावणेदोनवर आला. शिट्टी पुन्हा सुरू झाली. कलाबाईंच्या ओठांवर हळूहळू रंग चढला. त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी औजारं भरली. फ्रिज-कूलर बंद ठेवा, लाइन येईपर्यंत मशीनला वेगळा छोटा जनरेटर लावा, असं काहीतरी सांगत मी अंगणात आलो. शेडमध्ये इंजिन धडधडत होतं. केशवराव गाडीपर्यंत आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ होता.

"दहा केव्हीएचा बसवला तर दोघाइले पुरंन का?"

"दोघं कोण?" मी विचारलं.

तेवढ्यात इंजिनचा आवाज एकदम जड झाला, धूर काळा पडला. मोठी मोटर चालू केल्यावर होतो तसा. मशीनचं आणि त्या खोलीचं सोडून घरातली सगळी बटनं अजून खालीच होती.

केशवरावांनी मागच्या खोलीकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही.

"पंधराचाच आण," ते म्हणाले.