रिंगणाची कड

“जे मीटरवर दिसत न्हाई, ते नसतंच!” असं योगीराज साऱ्या मानवत गावाला छाती ठोकून सांगायचा.

त्याला ते दिसलं. भर दुपारी. मीटरवरच.

तुम्ही हसाल, पण हे गेल्या वैशाखात तिथल्या एका कॉलेजात घडलंय. अगदी खरं.

चार वाजता परीक्षक यायचे होते. त्यांची सही झाली की योगीराजची सहा वर्षांची पीएचडी पदरात. न्हाईतर नोकरीही गेली.

प्रयोगशाळेत भिंतीकडच्या टेबलावर एक करडा, चकाकता खडा मीटरला तारांनी जोडलेला होता.

“परमेश्वरमामा, याच्या पोटातून इलेक्ट्रॉन जात न्हाई. खडा संपून दुसरं काही सुरू होतं ना, त्या कडेनंच पळतो. आडवं काही आलं तरी माघारी वळत न्हाई. वळसा घालून पुढंच.”

“अन् खडा तोडला तर?” शिपाई परमेश्वरनं विचारलं.

“मग नवी कड. तिथूनबी पळतो.”

“लय चिवट. आमच्या मेव्हण्यावाणी!”

तेवढ्यात लाईट गेली. योगीराजनं तारा काढून ठेवल्या.

मीटरचा काटा तरीही हलत होता...

मग आवाज आला.

चप... चप... चप...

ओल्या पायांचा. भिंत धरून. कपाट आलं, त्याला वळसा. मग खिडकी. मग दार. पुन्हा कपाट...

दिसत कुणीच नव्हतं.

दोघं खोलीच्या मधोमध सरकले. मधे ते येईना. पण बाहेर जायचं दार भिंतीतच!

“मामा, कायतरी करा हो!”

परमेश्वरनं खिशातली अंगाऱ्याची पुडी सोडली अन् दोघांभोवती रिंगण आखलं. “आता त्याचा बापबी येत न्हाई.”

योगीराजनं राखेच्या रेघेकडं पाहिलं.

“मामा... ही नवी कड झाली!”

चप...

भिंतीपाशी होतंच. आता गुडघ्यापाशीही फिरायला लागलं.

“पुसा! पुसा की!”

“तुमी शिकलेले. तुमीच हात बाहेर काढा!”

चाराला परीक्षकांनी दार ढकललं. दोन बाप्ये एकमेकांना कवटाळून राखेत उभे.

“काय तमाशा लावलाय?”

“सर, मधून या! पाया पडतो, भिंतीकडनं जाऊ नका!”

सरांनी पेन उघडलं अन् ते भिंतीकडेनंच टेबलाकडं निघाले.

टेबल आलं. सर थांबले नाहीत. वळसा घालून पुढं. कपाट. खिडकी...

“अहो, मला वळता येईना!” सर रडायला लागले.

दार उघडंच होतं. भिंतीची कड त्यातून बाहेर गेली होती. सरही गेले. व्हरांडा, जिना, मग कंपाउंडच्या कडेनं. त्यांच्या बुटांमागून... चप... चप...

खोलीत शांत झालं.

योगीराज अजून भिंतीला टेकत नाही. सर शेवटचे पाथरीकडं जाताना दिसले, एका शेताच्या बांधावरून.

सही राहिली.