पहिल्या नावाचं पहिलं अक्षर

मालतीशेजारी बसण्यात भाईदासचा फायदा किती, तो आधी मांडू. खिडकीची हवा, तिची नीटनेटकी वही, आणि – हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं – ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वाकली की कानाशी हलणारं डूल. तोटा एकच. तिची जीभ.

सन दोन हजार एक. केळीच्या मुलखातल्या लालबागच्या क्लासमधला एक कॉम्प्युटर बिघडला, म्हणून वामन सरांनी या दोन अनोळखी जिवांना एकाच पडद्यासमोर बसवलं.

धडा सहा नावांच्या यादीचा. प्रत्येक नावातलं पहिलं अक्षर काढून दाखवायचं. मालतीनं प्रोग्रॅम चालवला. तिच्या नावातलं एम यायचं तिथं ए आलं, शेवटी भलताच कचरा, आणि यादीतलं पहिलं नाव गायब.

"माझंच होतं ते," भाईदास म्हणाला. "एवढा राग?"

"ओळख नाही, तर राग कुठला?"

"तुम्ही एकपासून मोजलं. इथं शून्यापासून मोजतात."

"शून्य म्हणजे काहीच नाही. तिथं नाव कसं बसेल?"

"घरी ज्वारी मोजताना पहिल्या मापाला एक म्हणता का?"

मालतीला आठवलं. गावी, देडतलाईला, तिचे वडील पहिलं माप ओतताना शकुनासाठी एक म्हणत नसत. "लाभ म्हणतो… मग दोन, तीन."

"बस्स. एक म्हटलं नाही, तरी माप भरलेलंच असतं. शून्याला लाभ समजा."

तिनं दोन्ही ठिकाणी एकाचं शून्य केलं. सहाही अक्षरं ओळीनं उभी राहिली. ती हसली… आणि भाईदास पुढचं सांगायचं विसरला.

दोन महिन्यांत ओळख बरीच वाढली. मग सर म्हणाले, शिकवायला मदतनीस हवा आहे; परीक्षेत पहिला येईल त्याची जागा. भाईदासला ती जागा घरच्या, शाहापूरच्या केळीच्या मळ्यातून सुटायला हवी होती. मालतीचं जास्त पणाला लागलं होतं. ती जवळच लोधीपुऱ्यात मामांकडे राहून शिकत होती. जागा नाही मिळाली, तर वडील परत नेणार होते. गावात एका बियाणेवाल्याचं स्थळ तयारच होतं.

परीक्षेत पुन्हा नावांची यादी आली. मालतीचं झालं. तिनं सहज शेजारच्या पडद्यावर पाहिलं – भाईदासचं पहिलं नाव गायब, शेवटी कचरा.

"सर, यांचं बघा. हे चुकलेलं नाही, चुकवलंय. मला शिकवणारा माणूस एकपासून मोजेल का?"

"तुम्हाला काय त्रास?" भाईदास पुटपुटला.

"मला दान नको."

सरांनी चष्मा पुसला. "दुसऱ्याची चूक अशी ओळखणाराच मला पाहिजे. उद्यापासून या, मालतीबाई. आणि भाईदास, मुद्दाम चुकणारा मास्तर घेऊन मी काय करू?"

जिन्यात तिनं त्याला गाठलं. "सच बोल. का केलंस?"

"तू गावी गेली असतीस, तर त्या खुर्चीत बसून मी… करणार काय होतो?"

"मला विचारायचं होतं."

"आता विचारतो. थांबशील – माझ्यासाठी?"

"नोकरीसाठी थांबतेय." ती दोन पायऱ्या उतरली, वळली. "सहाला सुटते. तुझ्यासाठी… पाच मिनिटं."

तर जागा मालतीला मिळाली. बियाणेवाल्यानं दुसरी मुलगी शोधली. भाईदासच्या वाट्याला मळा आला, आणि रोज संध्याकाळी तिला भेटायला शाहापूरहून येणारी बस. ती बस कधी वेळेवर आली नाही. पाचाची पंचवीस मिनिटं व्हायची, कधी चाळीस… ती सगळी मालतीनं थांबून भरली.