उजेड गळणारी खोली

सूर्यभान मास्तर त्या दुपारी नुसता पेपरांचा गठ्ठा आणायला गेला होता. त्र्याहत्तर सालचा मार्च. सातवीचे गणिताचे पेपर मच्छिंद्र मास्तरकडे तपासायला होते आणि मच्छिंद्र दोन दिवस शाळेत फिरकला नव्हता. हेडमास्तर वैतागून म्हणाले, तुमचे दोस्त ना ते, मग तुम्हीच जा.

मच्छिंद्रचं गाव हराळवाडी, शाळेच्या मिरजगावपासून तीन मैलांवर. दुष्काळाचं साल. अर्धं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेलं. गल्लीत कुत्रंही नव्हतं. मच्छिंद्रची बायको चांगुणा मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली होती. दार आतून लावलेलं.

"भाऊजी, कालच्या सांजपासनं आत हायती. हाक देत न्हाईत."

तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा दिवे घेऊन त्या खोलीत तासन्‌तास कोंडून घेतो म्हणून गाव आधीच हसत होतं. सूर्यभानने फटीतून विळा घालून कडी वर उचलली. दार उघडताच एक वास आला, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा. आत एक दिवा जळत होता. स्टूल, कागद, वही, शेजारी शेजारी ठेवलेल्या चपला. माणूस नव्हता. त्या खोलीला खिडकी नव्हती. चारही बाजूंना हातभर जाडीच्या भिंती, वर मातीचं धाबं.

चांगुणा ओरडली नाही. ती खाली बसली आणि सुई हरवल्यासारखी सारवलेल्या जमिनीवरून हात फिरवू लागली.

सूर्यभान उभाच राहिला. मच्छिंद्र तिथे काय करत होता हे साऱ्या गावात त्या एकट्याला ठाऊक होतं.

गेली दोन वर्षं मच्छिंद्र त्याला तेच सांगत आला होता. रेघेला दोन टोकं आणि ती स्वतः, मिळून तीन. चौकोनाला चार कोपरे, चार बाजू आणि तो स्वतः, मिळून नऊ. काडेपेटी घे. आठ कोपरे, बारा कडा, सहा पृष्ठं आणि ती स्वतः. सत्तावीस. दर वेळी तिप्पट होतं. मग पुढचा आकडा एक्क्याऐंशी. त्या एक्क्याऐंशीची वस्तू कुठे आहे? आकडे तिच्या दारापर्यंत नेतात आणि आपण बाहेरच थांबतो, कारण लांबी, रुंदी, उंची सोडून चौथीकडे बोट करायला आपल्याला दिशाच सापडत नाही.

सूर्यभान शास्त्र शिकवायचा. तो म्हणे, कागदावर काय वाटेल ते मांडता येतं, मोजून दाखव. मच्छिंद्रने मोजलं. तेलाचा डाग पाडलेला कागद दोन दिव्यांमध्ये धरला की कुठल्या बाजूने उजेड जास्त ते कळतं. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड चौथा हिस्सा उरतो, हे पुस्तकात आहे आणि शाळेत तसाच उरला. मच्छिंद्रच्या मागच्या खोलीत मात्र आठवा हिस्सा उरला. एकदा नाही, चाळीस वेळा.

"मग बाकीचा उजेड जातो कुठं, सूर्यभान? भिंती तर त्याच आहेत. त्याला पसरायला आणखी एक बाजू मिळतेय."

सूर्यभानने त्याला वात कापायचा सल्ला दिला. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत कागद डोळ्यांपुढे धरून, मान वाकडी करून, मच्छिंद्रची नक्कल करून दाखवली. मास्तर लोक पोट धरधरून हसले. गावात पोचलं ते हसू तिथूनच निघालं होतं.

मच्छिंद्र बाराव्या दिवशी परत आला. म्हणजे चांगुणाला भर दुपारी त्या बंद खोलीतून पाणी मागितल्याचा आवाज आला. दार उघडलं तर तो भिंतीला पाठ लावून बसला होता.

चेहरा तोच, आवाज तोच. पण भांग दुसऱ्या बाजूला. डाव्या दंडावर लहानपणी देवी टोचल्याचे दोन गोल वण होते, ते आता उजव्या दंडावर. उजव्या मनगटावर गोंदलेलं नाव डाव्यावर, तेही आरशात दिसावं तसं उलटं. जेवायला बसला तो डाव्या हाताने. पुस्तक दिलं तर वाचता येईना. म्हणाला, अक्षरं पालथी पडलीत.

मच्छिंद्रचा चुलतभाऊ कारभारी गावचा पंच. त्याने पहिल्याच दिवशी निकाल लावला. हा तोतया आहे. दुष्काळात रस्त्यावर शंभर उपाशी माणसं फिरतात, त्यातलाच एक नवरा नसलेलं घर बघून शिरलाय.

तिसऱ्या दिवशी चांगुणा सूर्यभानकडे आली. ताटात पाच भाकरी घातल्या तर पाच खातात, म्हणाली, पण अन्न अंगी लागत नाही. बरगड्या मोजून घ्याव्यात असे झालेत. शेपूची भाजी केली तर म्हणाले, पुदिना कुठून आणलास. दोन घरं टाकून राहणारी बायडाबाई म्हणते, ते आपलं माणूस नव्हं. मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुमी शिकलेलं हाय. तुमी एकदा 'व्हय' म्हना. मग गावानं वाळीत टाकलं तरी मी घरात ठिवीन त्यान्ला."

सूर्यभान तिच्याबरोबर गेला. मच्छिंद्र ओसरीत पडला होता. त्याने सूर्यभानचा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला, डावीकडे. तिथे काहीच नव्हतं. मग त्याने तो हात उजवीकडे सरकवला. हृदय तिथे धडधडत होतं.

"कागदाचा डावा हात काप," मच्छिंद्र म्हणाला. "टेबलावर कितीही फिरव, उजवा होत नाही. उचलून पालथा घाल, झाला. मला तसं उचललं... तिकडं. मी चुकीच्या अंगानं परत पडलो. इथलं अन्न आता माझ्यासाठी उलट्या किल्लीसारखं आहे रे. वासही पालटतो, पोटात जातं, पण कुलूप उघडत नाही."

तोतया भांग बदलेल, हातही बदलेल. हृदय कसं हलवील? सूर्यभानच्या मनात तिळाएवढी शंका उरली नाही. उद्या चावडीवर सांगतो, असं तो चांगुणाला म्हणाला आणि त्या क्षणी त्याला ते खरंच सांगायचं होतं.

चावडीवर माणूस मावत नव्हता. कारभारीने मच्छिंद्रची बाही वर केली, मनगट फिरवून सगळ्यांना दाखवलं. "सोंग करायचं तर करावं, पन नाव तरी सुलटं गोंदून घ्यायचं," तो म्हणाला आणि चावडी खदखदली. मच्छिंद्र हसला नाही. तो गर्दीत सूर्यभानला शोधत होता.

"सूर्यभान, सांग ह्यांना. कागदाचा हात सांग."

सगळ्या माना वळल्या. हेडमास्तर बसले होते. तोंडाच्या कोपऱ्यात हसू धरून बसलेले मास्तर होते. त्या हसण्याला सूर्यभानने सुरुवात करून दिली होती आणि आता ते त्याच्याकडे तोंड करून वाट बघत होतं.

"मच्छिंद्रच्या देवी डाव्या दंडावर होत्या," तो म्हणाला. "नदीवर पोहताना मी पाहिल्यात."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. शिकलेल्या माणसाला खोटं बोलावं लागतच नाही. तो खऱ्यातलं सोयीचं तेवढं उचलतो आणि उरलेलं जिभेखाली ठेवतो. चांगुणाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

मच्छिंद्रला घराबाहेर काढलं. तो गावाबाहेरच्या लिंबाखाली पडून राहिला. चांगुणा दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी आणि भाकरी नेऊन द्यायची, तो खायचा आणि वाळत जायचा. चार दिवस सूर्यभान हराळवाडीच्या वाटेला फिरकला नाही. पाचव्या दुपारी त्याच्याने राहवलं नाही.

मच्छिंद्रने त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. त्याने एवढंच मागितलं की अर्धा तास त्या खोलीत जाऊ दे. पुन्हा पालथा होऊन सुलटा येतो. गेल्या वेळी परतताना दिवा तेल संपून विझला होता, म्हणून अंदाज चुकला.

"तिकडून खोली दिसत नाही. बंद वस्तूच्याही आत हात जातो, पण कशाच्या आत ते कळत नाही; दिवा तेवढा दिसतो. तू फक्त धरून उभा राहा."

गाव कामावर होतं. चांगुणाने कुलूप काढलं आणि रस्त्यावर नजर ठेवायला ओसरीत जाऊन उभी राहिली. सूर्यभानने चिमणी पेटवली. मच्छिंद्र त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता. वात सरळ होती, काच नव्हती, वारा नव्हता, तरी ज्योत हळूहळू एका बाजूला ओढली जाऊ लागली. कुठल्या बाजूला ते सूर्यभानला कधीच सांगता आलं नाही. तव्याचा तो वास आला. मच्छिंद्रने पाय उचलला. मग त्याचा खांदा नव्हता, मग अर्धा चेहरा नव्हता. कापल्यासारखं काही नाही, दाराआड जाणाऱ्या माणसासारखं. फक्त तिथे दार नव्हतं.

"दिवा..." तो म्हणाला, आणि खोली रिकामी झाली.

सूर्यभान उभा राहिला. त्याने दिवा धरून ठेवला होता. एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. किती वेळ गेला कळलं नाही. मग अंगणात वहाणा वाजल्या. कारभारीचा आवाज. चांगुणा कुणाला तरी अडवत होती. मास्तर आत हाय का? त्या भामट्याला घेऊन? हेडमास्तरांनाबी घेऊन आलोय.

आणि सूर्यभानने दिवा फुंकला.

अंधारात अगदी जवळून कुणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज आला. तेवढाच.

दार उघडलं. कारभारीने कोपरे पाहिले, आत आणखी कोण आहे म्हणून विचारलं. कुणी नाही, सूर्यभान म्हणाला, शाळेची वही न्यायला आलो होतो. हेडमास्तरांनी मान डोलावली. सगळे गेल्यावर चांगुणा आत आली. तिने चिमणी पुन्हा पेटवली आणि भिंतीभिंतीवरून उजेड फिरवला.

"दिवा कुनी इझवला?"

"वाऱ्यानं," सूर्यभान म्हणाला.

तिने बिनखिडकीच्या त्या खोलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पुढे ती त्याच्याशी कधी बोलली नाही. रोज दुपारी ती तिथे दिवा लावून बसते, असं गाव म्हणे. गाव तिलाही हसे. सूर्यभान ते ऐके आणि वही तपासत राही.

वर्ष उलटलं. पुढच्या सुगीला नवी ज्वारी घरात आली. रेशनवरच्या मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी खाऊन कंटाळलेल्या सूर्यभानच्या बायकोने, बनाबाईने, त्या दुपारी हौसेने पहिली भाकरी थापली. निखाऱ्यावर ती टम्म फुगली, कुठे चीर नाही, भोक नाही. बनाबाईने ती तशीच त्याच्या ताटात टाकली आणि दुसरी थापायला वळली.

सूर्यभानने पापुद्रा उचलला. वाफ निघाली.

आत, खालच्या मऊ पदरावर, पाच बोटं उमटली होती. एकदा नव्हे. अंधारात चाचपत कुणीतरी कडेकडेने हात फिरवत गेला होता, पार गोल, आणि पुन्हा सुरुवातीला येऊन थांबला होता. शेवटचे ठसे खोल होते. तो पाहत असतानाच त्यातल्या एकाची कड हळूच आणखी खाली दबली.

"काय झालं? कच्ची हाय का?" बनाबाईने वळून विचारलं.

"न्हाई," सूर्यभान म्हणाला. "चांगली हाय."

आणि त्याने पापुद्रा पुन्हा झाकला.