खोट्याचा बिल्ला

शेकोटीत दोन काटक्या टाका रे. आणि सुपडू, सारखा मागे काय बघतोस? आत्ता तरी तिथे कोणी नाही. ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतली तो कौतिक मास्तर माझ्या चांगल्या ओळखीचा. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला मिशनची शाळा आहे ना, तिथे तो शिकवायचा आणि हा तुमचा वना आबा मिशनची बैलगाडी हाकायचा.

सन त्रेपन्न, चोवीस डिसेंबर, गुरुवारची रात्र. फादरनी मास्तरला चोपड्याला धाडलं होतं. धुळ्याच्या मोटारीने बाळ येशूची नवी मूर्ती यायची होती, ती मध्यरात्रीच्या प्रार्थनेआधी चर्चमध्ये पोचायला हवी होती. मोटार उशिरा आली. मास्तरने खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधलं, दिवा लावला आणि निघाला. पौर्णिमा होऊन चार दिवस झालेले, चंद्र अजून वर यायचा होता. मास्तर मजेत शीळ घालत चालला होता.

पण जुन्या मूर्तीचं काय झालं, ते आधी ऐका.

आदल्या नाताळात मास्तरने चर्चमधल्या येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यापुढच्या दिव्यावर बिडी पेटवली. तिथे बिडीला सक्त मनाई. गडबडीत कोपर लागलं आणि मूर्ती पडून फुटली. ते पाहिलं एकट्या कस्तुराने. डोंगरातल्या पाड्यावरची आठ वर्षांची पोर, बोर्डिंगात राहायची, झाडायला आली होती. फादरनी विचारलं तेव्हा तिने पाहिलं ते सांगून टाकलं. मास्तर म्हणाला, पोर खोटं बोलते, हिनेच पाडली. नोकरीचा प्रश्न होता ना त्याच्या! फादर भला माणूस, पण त्यानेही मास्तरचंच मानलं.

त्या शाळेत खोट्याचा बिल्ला होता. लाकडाचा, सुतळीत ओवलेला. जो पोरगा खोटं बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात तो पडायचा. त्याने दुसरा खोटारडा पकडून दिला, की बिल्ला काढून त्या दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. फळ्यावर मास्तरच्या मोत्यासारख्या अक्षरात कायम लिहिलेलं असे, खोटी साक्ष देऊ नकोस.

कस्तुराच्या गळ्यात बिल्ला पडला. दुसऱ्याच दिवशी तिने भर वर्गात तो काढून मास्तरपुढे धरला.

"गुरुजी, हाऊ बिल्ला तुमना शे."

पोरं हसली. मास्तरने छडी उचलली नाही. उचलली असती तर परवडलं असतं. त्याने बिल्ला परत तिच्या गळ्यात घातला, डोक्यातून निघणार नाही इतकी सुतळी आखडली आणि मानेमागे गाठ मारली. आता बघू कोणाला देतेस, म्हणाला.

दोन दिवसांनी ती रस्त्याकडेच्या मिशनच्या विहिरीवर पाणी शेंदायला गेली. वाकली तेव्हा बिल्ला दोरात अडकला, भरली बादली हातातून सुटली आणि तिला खाली घेऊन गेली. सुतळी सैल असती तर नुसता बिल्ला गेला असता. पोरीला मी वर काढलं, तेव्हा जीव उरला नव्हता. मानेवर सुतळीचा वळ होता, पण सुतळी नव्हती आणि बिल्लाही नव्हता. विहीर उपसली तरी सापडला नाही. तिची आई बिजलीबाई रडत आली, तर मास्तर तिला म्हणतो, खोट्याचं असंच होतं, बाई. माझं रक्त उसळलं होतं तेव्हा.

तर त्या रात्री मास्तर त्याच विहिरीपाशी आला.

टक... टक...

बादलीवर लाकूड आपटावं तसा आवाज. त्याची शीळ थांबली. सायकल जड झाली. मागे कोणी बसावं तशी. त्याने जोर लावला. चाक हलेना. दिवा गेला.

"गुरुजी..."

आवाज पाठीशीच. त्याने वळून पाहिलं नाही.

"मूर्ती कोनी फोडी?"

पोरांनो, तिथे फादर नव्हता. नोकरी जायची नव्हती. खरं सांगायला एक शब्द पुरे होता. तो जिभेवर आला होता, असं मास्तरने मला स्वतः सांगितलं. वर्षभर तो शब्द गिळत आला होता, त्या रात्रीही गिळला.

"तू," मास्तर म्हणाला.

मग काही नाही. किती तरी वेळ काहीच नाही...

मग मानेला बोटं लागली. लहान. ओली. सावकाश काही तरी बांधत होती.

पहाटे मी गाडी घेऊन शोधायला निघालो. मास्तर विहिरीच्या कठड्याला टेकून बसलेला, डोळे उघडे, तोंडातून घरघर. मूर्तीचं खोकं शाबूत. गळ्यात खोट्याचा बिल्ला, आणि सुतळी इतकी रुतलेली की आत बोट शिरत नव्हतं. मी विळ्याने कापली. तो दोन दिवस जगला. मला सगळं पुटपुटत सांगितलं, पण फादर जवळ आला की म्हणायचा, सायकलवरून पडलो. तेच म्हणत मेला.

ती सुतळी मी घरी नेऊन कंदिलाखाली पाहिली. गाठ असेल म्हणून सगळी चाचपली. माझ्या विळ्याने कापलेली दोन टोकं, बाकी सुतळी सलग... गाठ कुठेच नव्हती.

माझी लेक कुंदा तेव्हा पाच वर्षांची. दोन्ही टोकं जुळवून सुतळी तिच्या डोक्यावर धरून पाहिली.

कपाळाखाली उतरली नाही.