गपबस आजी

ऊन खिडक्यांवरून उतरत होतं तेव्हा ती रुग्णालयात पोचली. काम किरकोळच होतं. तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली रंगवायला काढली होती. खाट हलवली होती, रुग्णाने घंटा वाजवायचं बटणही भिंतीतून उपटून टाकलं होतं. तरी बाहेर सिस्टरच्या टेबलावर त्या खोलीचा दिवा लागायचा. घंटा वाजायची नाही, नुसता दिवा. रंगारी अर्धी भिंत तशीच टाकून निघून गेला होता.

घंटा-दिव्याचं हे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर तिच्या कंपनीचं. कंपनीत ती नवीन होती. खोली मात्र जुन्या ओळखीची. गेल्या हिवाळ्यात तिची आई इथेच गेली. झोपेतच गेल्या, एकदाही घंटा वाजली नाही, असं सिस्टरनी सांगितलं होतं.

तिने लॅपटॉप उघडला. प्रोग्रामच्या भागांची नावं वाचून आधी हसूच आलं. ती ठेवली होती तिच्या साहेबाने. थट्टेखोर माणूस, ऑफिसात सगळे त्याला बुवा म्हणत. एकमेकांशी न जुळणारे दोन भाग म्हणजे सासू आणि सून. बिल काढणारा वाघोबा. त्यांच्या खाली एक छोटासा तुकडा होता : गपबस आजी. एकाच खाटेवरून सारखी घंटा वाजू लागली, की तो तिचा आवाज गिळून टाकायचा. दिवा तेवढा लागायचा. आणि रात्री डुलकी लागलेल्या सिस्टरला जाग यायची ती आवाजानेच.

तिने ते पुन्हा वाचलं.  मग डोक्यात अशी तिडीक गेली की समोरचं दिसेना.

तिने बुवाला फोन लावला. तो हसला.

"अगं, गंमत होती ती. नावं कोण वाचतंय?"

"माझी आई वाचली नाही," ती म्हणाली. "इथे या. आत्ता."

तो आला. तिने सगळं सांगितलं, तेव्हा त्याची मान खाली गेली. पण माफीचा शब्द काही निघेना. एखादी वायर राहिली असेल, बघतो, असं पुटपुटत तो खोलीत शिरला. दार उघडंच होतं; ती लॅपटॉप घेऊन बाहेर सिस्टरच्या टेबलापाशी थांबली, तिथून दोघींना आतलं दिसत होतं.

टेबलावरचा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

बुवा पाठमोरा उभा होता, भिंतीला नाक लावून. उजवं कोपर तेवढं हलत होतं. तिने हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. ओल्या रंगाच्या वासात आता दुसराच एक वास मिसळला होता... बरेच दिवस न बदललेल्या चादरीचा.

"अगं, घंटेचा आवाज मोकळा कर," सिस्टर कुजबुजल्या. "तो बोलावतोय..."

गपबस आजी पुसून टाकायला एक कळ पुरेशी होती. तिचं बोट कळेवर होतं. ते तिने तसंच धरलं.

"बोलावू दे," ती म्हणाली.

दिवा लागत राहिला. शेवटी सिस्टरनीच तिचा हात खाली दाबला. घंटा अशी कडाडली की दोघी धावत सुटल्या.

बुवा जमिनीवर बसला होता. घसा पार बसलेला.

"किती हाका मारल्या... रात्र झाली, उजाडलं, पुन्हा रात्र झाली... कुणी आलं नाही."

खिडकीत मघाचंच ऊन होतं. सिस्टरनी त्याला हळूच सांगितलं, की इथे बटणच नाही.

"त्या बाईंनी हात धरून दाखवलं," तो म्हणाला. "कुठे दाबायचं ते."

त्याच्या मनगटावर बोटांचे निळे वळ होते, बारीक, म्हाताऱ्या हाताचे. ते अजून गेलेले नाहीत. ऑफिसात तो बाही खाली ओढून बसतो, तरी तिला ते दिसतात, आणि दिसले की, आईचीच बोटं ती, असं वाटून तिचा राग थोडा शमायचा. पण परवा तिने ते जवळून पाहिले. त्यातलं एक बोट वाकडं आहे.

तिच्या आईचं एकही बोट वाकडं नव्हतं.